माशाच्या कानातला खडा पाण्याचं तापमान सांगतो का?

मरळ किंवा तिलापीचं डोकं चवीने खाणाऱ्याच्या दाताखाली कधीतरी एक पांढरा, टणक कण येतो. हाड समजून तो ताटाच्या कडेला ठेवला जातो. पण ते हाड नसतं. तो माशाच्या अंतर्कर्णातला चुन्याचा खडा असतो, शास्त्रज्ञ त्याला ऑटोलिथ म्हणतात. मासा अंड्यात असतो तेव्हाच हा खडा धरायला लागतो आणि मासा मरेपर्यंत रोज थोडा थोडा वाढत राहतो. वाढताना भोवतालच्या पाण्यातली काही मूलद्रव्यं तो अगदी किंचित प्रमाणात स्वतःत अडकवून घेतो. एकदा अडकलेलं मूलद्रव्य पुन्हा सुटत नाही.

या किंचित मूलद्रव्यांवरून मासा कोणत्या पाण्यात वाढला हे बऱ्याच खात्रीने सांगता येतं. मग ते पाणी किती तापलेलं होतं हेही सांगता येईल का? खान्देशासाठी हा प्रश्न महत्त्वाचा आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, हिवाळ्यात तोच १० अंशांच्या खाली उतरतो. हवेचं तापमान रोज पेपरात छापून येतं. तापीच्या डोहातलं पाणी किती तापलं, हे कोणी छापत नाही. गेल्या काही वर्षांत ते किती वाढलं हे माशांकडूनच कळलं तर किती बरं होईल, असं मला फार वाटायचं आणि अजूनही वाटतं. पण खडा हे उत्तर सरळ देत नाही, आणि तो का देत नाही हे समजून घेण्यातच या विषयाचं खरं मर्म आहे.

माशाला बाहेरून कान दिसत नाहीत, पण कवटीच्या आत मेंदूच्या दोन्ही बाजूंना कानाची रचना असते. प्रत्येक बाजूला तीन छोट्या पिशव्या आणि प्रत्येक पिशवीत एक खडा, म्हणजे एका माशाला सहा खडे. त्यांची नावं सॅजिटा, लॅपिलस आणि अ‍ॅस्टेरिस्कस. माशाच्या शरीराची घनता पाण्याच्या जवळपास असते, त्यामुळे पाण्यातून आलेला आवाज त्याच्या अंगातून जवळजवळ न अडता पार होतो. खडा मात्र पाण्याच्या सुमारे तिप्पट जड. आवाजाने शरीर थरथरतं, खडा किंचित मागे राहतो आणि त्याच्याखालच्या संवेदी पेशींचे तंतू वाकतात. मासा ऐकतो तो असा. पोहताना तोल सांभाळायलाही हेच खडे लागतात.

कोणत्या माशाचा कोणता खडा घ्यायचा, इथे आपल्याकडे पहिली फसगत होऊ शकते. मरळ, तिलापी यांच्यात सॅजिटा सर्वांत मोठा आणि सहज सापडणारा. मुंबई-सुरतेकडून बर्फात येणाऱ्या ढोम्याच्या डोक्यात तर तो इतका मोठा असतो की शोधावाच लागत नाही. शिंगाळ्यासारख्या मिशीवाल्या माशांत लॅपिलस मोठा. पण आपल्या धरणांतून येणारे मुख्य मासे म्हणजे रोहू, कटला आणि मृगळ. त्यांचा सॅजिटा बारीक, लांबट आणि इतका नाजूक की चिमट्यात धरला की तुटतो. त्यांच्या डोक्यात सर्वांत मोठा सापडतो तो अ‍ॅस्टेरिस्कस. नवखा माणूस साहजिकच तोच उचलतो आणि तिथेच चुकतो. कारण खडे सगळे कॅल्शियम कार्बोनेटचेच असले तरी त्या कार्बोनेटची स्फटिकरचना एकसारखी नसते. सॅजिटा आणि लॅपिलस बहुधा अरॅगोनाइट या रूपात असतात, अ‍ॅस्टेरिस्कस वॅटेराइट या रूपात. वॅटेराइटमध्ये स्ट्रॉन्शियम फारच कमी शिरतं, मॅग्नेशियम आणि मँगनीज जास्त शिरतं. एकाच माशाचे हे दोन खडे तपासले तर मासा दोन वेगवेगळ्या नद्यांत जगला असं वाटावं इतका फरक आकड्यांत दिसतो. म्हणून रोहू-कटल्याचा लॅपिलसच घ्यायचा, लहान असला तरी.

खडा वाचतात कसा

डोकं वरून, डोळ्यांच्या मागे आडवं कापायचं. मेंदू अलगद बाजूला केला की त्याच्या खालच्या खळग्यांत खडे दिसतात. त्यांच्यावर पारदर्शक पातळ पडदा असतो, तो ओला असतानाच काढावा लागतो, वाळला की चिकटून बसतो. शक्यतो धातूचा चिमटा वापरत नाहीत, कारण पुढे मूलद्रव्यांचा शोध दशलक्षात काही भाग इतक्या बारकाईने घ्यायचा असतो आणि चिमट्याचा अंशही नको असतो. खडा शुद्ध पाण्यात धुऊन, वाळवून, एपॉक्सीत बसवतात. मग हिऱ्याच्या पात्याने त्याचा पातळ काप काढतात आणि मधलं केंद्र उघडं पडेपर्यंत घासतात. हे घासणं फार जपून करावं लागतं. दोन फेरे जास्त झाले की केंद्र निघून जातं, आणि माशाचं बालपणच हातून जातं.

सूक्ष्मदर्शकाखाली तो काप पाहिला की केंद्राभोवती बारीक वलयं दिसतात. मासा दिवसरात्रीच्या चक्रात कधी स्फटिक जास्त जमवतो, कधी प्रथिनं, त्यातून रोज एक वलय पडतं. ही रोजची वलयं जॉर्जो पॅनेला यांनी १९७१ मध्ये दाखवून दिली. वर्षाची मोठी वलयं त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होती. १८९९ मध्ये योहानेस रायबिश यांनी त्यांवरून प्लेस या चपट्या माशाचं वय काढलं होतं. थंड देशांत हिवाळ्यात वाढ मंदावते, म्हणून वर्षाचं वलय ठळक असतं. आपल्याकडे वाढ मंदावते ती कडक उन्हाळ्यात, अन्न तुटल्यावर किंवा अंडी घालण्याच्या काळात. त्यामुळे आपल्या माशाचं वलय थंडीचंच आहे असं गृहीत धरता येत नाही, ते आधी सिद्ध करावं लागतं. त्यासाठी माशाला टेट्रासायक्लिन किंवा अ‍ॅलिझरिनच्या द्रावणात ठेवतात. त्या दिवशी जमलेला थर पुढे विशिष्ट प्रकाशात चमकतो आणि त्यानंतर किती वलयं पडली ती मोजता येतात.

खवल्यांवरही वलयं असतात आणि खवला काढायला मासा मारावा लागत नाही. पण मासा उपाशी राहिला की शरीर खवल्यातलं कॅल्शियम परत ओढून घेतं. खड्यातून काहीच परत घेतलं जात नाही. म्हणूनच त्याची नोंद इतकी मोलाची.

वलयं मोजून झाली की लेसरची पाळी. केसाच्या जाडीएवढा किंवा त्याहून बारीक किरण केंद्रापासून कडेपर्यंत सावकाश नेतात. किरण पडेल तिथली किंचित धूळ उडते. ती हजारो अंश तापलेल्या आर्गॉन वायूत जाते, तिथे तिचे अणू विद्युतभारित होतात आणि यंत्र त्यांना वस्तुमानानुसार वेगळं करून मोजतं. शेवटी हातात एक आलेख येतो. आडव्या अक्षावर माशाचं वय, उभ्या अक्षावर स्ट्रॉन्शियम, बेरियम, मॅग्नेशियम, मँगनीज, प्रत्येक कॅल्शियमच्या तुलनेत किती ते.

पाण्यातून खड्यात

स्ट्रॉन्शियम आणि बेरियम हे कॅल्शियमचे रासायनिक भाऊबंद. आवर्तसारणीत ते त्याच उभ्या रांगेत खाली बसतात. त्यांचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, कॅल्शियमपेक्षा मोठे असले तरी अरॅगोनाइटच्या जाळीत कॅल्शियमची जागा घेऊ शकतात. मॅग्नेशियमचा आयन लहान, तो त्या जाळीत नीट बसत नाही आणि बराचसा प्रथिनांच्या आधाराने राहतो.

ही मूलद्रव्यं येतात कुठून, पाण्यातून की खाण्यातून? २००६ मध्ये बेंजामिन वॉल्थर आणि सायमन थॉरल्ड यांनी अटलांटिक किनाऱ्यावरच्या एका छोट्या माशावर प्रयोग करून याचं उत्तर दिलं. खड्यातलं सुमारे ८३ टक्के स्ट्रॉन्शियम आणि ९८ टक्के बेरियम थेट पाण्यातून आलेलं होतं. म्हणजे पाण्याची सही खड्यावर उमटते ही गोष्ट पक्की.

पण पाण्यातला आयन खड्यापर्यंत पोचायला मोठा प्रवास करतो. आधी कल्ले किंवा आतडं, मग रक्त, मग अंतर्कर्णातला द्रव, आणि शेवटी स्फटिक. प्रत्येक टप्प्यावर माशाचं शरीर निवड करतं. रक्तातलं कॅल्शियम ते काटेकोर राखतं, आणि स्ट्रॉन्शियमला कॅल्शियमपेक्षा कमी वाट देतं. विहिरीचं पाणी मचूळ आहे का हे केवळ शेवभाजीच्या चवीवरून ठरवता येत नाही, कारण भाजीत पाण्याचं मीठ असतं तसं सुगरणीच्या हातचंही असतं. खड्याचं अगदी तसंच आहे. आकडा पाण्याचा आणि माशाचा मिळून आलेला असतो.

प्रवाळाच्या बाबतीत हेच काम बरंच सोपं आहे. प्रवाळाचा सांगाडाही अरॅगोनाइटचा, आणि समुद्र जितका उबदार तितकं त्यात स्ट्रॉन्शियम कमी. हा संबंध इतका चांगला बसतो की जुन्या प्रवाळावरून समुद्राचं गतकाळातलं तापमान काढलं जातं. शुद्ध रसायनशास्त्रही हेच सांगतं, तापमान वाढलं की अरॅगोनाइटमध्ये शिरणारं स्ट्रॉन्शियम घटतं. माशाच्या खड्यातही हेच दिसेल या अपेक्षेने १९८० च्या दशकात बरंच काम झालं. हेरिंग या समुद्री माशाच्या पिलांत तसा उलटा संबंध दिसलाही. मग इतर जाती तपासल्या गेल्या. काहींत पाणी तापलं की स्ट्रॉन्शियम वाढलं, काहींत घटलं, काहींत काही फरकच पडला नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्पॉट नावाच्या समुद्री माशाची पिलं २० आणि २५ अंशांच्या पाण्यात वाढवली. या ५ अंशांच्या फरकाने खड्यात शिरणाऱ्या स्ट्रॉन्शियमचं प्रमाण बदललं, बेरियमचं नाही.

असं का होतं? पाणी तापलं की माशाच्या अंगातले सगळेच व्यवहार वेगाने होतात. तो जास्त श्वास घेतो, कल्ल्यांवरून जास्त पाणी जातं, वाढीचा वेग बदलतो, रक्तातली प्रथिनं बदलतात. यातल्या प्रत्येक गोष्टीचा खड्यावर परिणाम होतो आणि ते परिणाम एकाच दिशेने ओढत नाहीत. त्यातला एक परिणाम आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. मादीच्या पोटात अंडी तयार होताना रक्तात विशिष्ट प्रथिनं वाढतात आणि ती कॅल्शियम धरून ठेवतात. त्याने रक्तातलं, आणि पुढे खड्यातलं, स्ट्रॉन्शियमचं प्रमाण हलतं. जॉन कॅलिश यांनी १९८९ मध्येच इशारा दिला होता की ऋतूनुसार दिसणारा स्ट्रॉन्शियमचा चढउतार तापमानाचा नसून प्रजननाचा असू शकतो.

आता हे तापीवर लावून पाहू. रोहू, कटला पावसाळ्यात, पुराच्या पाण्यात अंडी घालतात. त्याच सुमारास उन्हाळ्यात तापलेलं पाणी निवतं. त्याच सुमारास नदीला गढूळ लोंढा येतो आणि महिनोन्‌महिने बाष्पीभवनाने दाट झालेलं पाणी एकदम पातळ होतं. म्हणजे तापमान, पाण्यातले क्षार आणि माशाची प्रजननस्थिती या तिन्ही गोष्टी एकाच वेळी बदलतात. खड्यावर जून-जुलैच्या वलयांत स्ट्रॉन्शियमची रेघ वर किंवा खाली गेलेली दिसेल. तिच्याकडे बोट दाखवून ‘इथे पाणी गार झालं’ असं म्हणणाऱ्याला मी तरी लगेच मान डोलावणार नाही.

तापमानासाठी खड्यातलं आणखी एक साधन आहे, ते म्हणजे ऑक्सिजन. निसर्गात ऑक्सिजनचे जड आणि हलके समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू, असतात. थंड पाण्यात बनलेल्या कार्बोनेटमध्ये जड ऑक्सिजनचं प्रमाण थोडं जास्त असतं, उबदार पाण्यात कमी. हॅरॉल्ड युरी यांनी १९४७ मध्ये ही कल्पना मांडली. माशाचं शरीर स्ट्रॉन्शियममध्ये जेवढी ढवळाढवळ करतं तेवढी यात करत नाही, त्यामुळे तापमापक म्हणून हे साधन कितीतरी भरवशाचं. पेरूच्या किनाऱ्यावर प्राचीन वस्त्यांत सापडलेल्या मिशीवाल्या माशांच्या खड्यांवरून २००२ मध्ये संशोधकांनी दाखवलं की सुमारे ६,००० वर्षांपूर्वी उत्तर पेरूचा समुद्र आजच्यापेक्षा सुमारे ३ ते ४ अंश जास्त उबदार होता. जेवून टाकलेल्या माशांच्या खड्यांतून ही माहिती निघाली. आपल्याकडेही तापीकाठी प्रकाशा इथे बी. के. थापर यांनी १९५० च्या दशकात उत्खनन करून ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती उजेडात आणली. नदीकाठच्या अशा उत्खननांत माती बारीक चाळणीतून गेली पाहिजे असं मला कळकळीने वाटतं, कारण लॅपिलस मोठ्या चाळणीतून सरळ खाली जातो.

मात्र पेरूचा समुद्र आणि खान्देशातलं धरण यांत मोठा फरक आहे. समुद्राच्या पाण्यातला जड-हलका ऑक्सिजन फारसा बदलत नाही. धरणाचा बदलतो. आपल्या उन्हात पाणी उडून जातं तेव्हा हलका ऑक्सिजन असलेलं पाणी आधी उडतं आणि मागे राहिलेल्या पाण्यात जड ऑक्सिजन वाढतो. तापमानाचा हिशेब असा आहे की दर एका अंशाला खड्यातल्या जड-हलक्या ऑक्सिजनचं गुणोत्तर साधारण हजारात ०.२ ने हलतं. समजा मे महिन्यापर्यंत बाष्पीभवनामुळे धरणाच्या पाण्याचं गुणोत्तर हजारात १ ने वर गेलं. पाणी न तपासता केवळ खड्यावरून तापमान काढलं, तर ते खऱ्यापेक्षा ५ अंशांनी कमी येईल. म्हणजे सर्वांत कडक उन्हाळा खड्यात सर्वांत गार दिसेल! पाण्याचा नमुना जवळ नसेल तर खान्देशात हे साधन उलटी साक्ष देऊ शकतं.

आणि एवढं सगळं जुळवलं तरी एक गोष्ट उरतेच, ती मला पुस्तकातून नाही, प्रकाशा गावच्या पुलाखाली जाळं सुकवत बसलेल्या एका म्हाताऱ्या भोईबाबांकडून कळली. त्यांना मरळीचा खडा तळहातावर ठेवून दाखवला. त्यांनी तो उलटापालटा केला, नखाने खरवडला आणि विचारलं, “हाई काय शे? मासाना डोकामा दगड?” मी पाण्याच्या तापमानाचं सांगू लागलो तेव्हा ते सहज म्हणाले, “उन्हायामा दुपारले मासा खाले जास.” उन्हाळ्यात दुपारी मासा खाली जातो. जाळं किती खोल टाकायचं हे त्यांचं रोजचं गणित त्यावरच चालतं. या एका वाक्यात मोठा मुद्दा आहे. खडा पाण्याचं तापमान नोंदत नाही, मासा ज्या तापमानात राहिला ते नोंदतो. वरचं पाणी कढत झालं म्हणून मासा डोहाच्या तळाशी, झऱ्याच्या तोंडाशी किंवा सावलीत जाऊन बसला, तर खडा गार जागेचीच गोष्ट सांगणार. माशांना उन्हाळा किती सोसावा लागतो हे जाणून घ्यायचं असेल तर उलट हीच नोंद जास्त कामाची. पण तिला नदीचं तापमान म्हणता येत नाही.

खोल डोहात किंवा धरणात मासा खाली जातो तेव्हा त्याच्यापुढे दुसरं संकट असतं. उन्हाळ्यात वरचं गरम पाणी आणि खालचं गार पाणी मिसळत नाही आणि तळाचा ऑक्सिजन संपत जातो. ऑक्सिजन संपला की गाळातलं मँगनीज विरघळून पाण्यात येतं, आणि खड्यात मँगनीज वाढतं. कॅरिन लिंबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाल्टिक समुद्रातल्या कॉड माशांच्या खड्यांत मँगनीजची अशी वाढ दाखवून दिली. वाढीच्या वेगानेही मँगनीज हलतं, म्हणून पुढे त्यांनी ते मॅग्नेशियमच्या जोडीने पाहायला सुरुवात केली. आपल्या धरणांसाठी तापमानापेक्षाही हे मोजमाप मला अधिक उपयोगाचं वाटतं. वर उकाडा आणि खाली श्वास घ्यायला हवा नाही, या दोन्हींच्या मध्ये सापडून मासे मरतात. किती मासे त्यातून वाचले आणि किती काळ त्यांनी ते सोसलं, हे खड्यातून निघू शकतं.

तापमान खड्यावर अगदी स्वच्छ लिहिलं जातं अशी एक जागा मात्र आहे: माणसाने ते मुद्दाम लिहिलं तर. अलास्कात सॅमनच्या पैदास केंद्रांत अंड्यांभोवतीचं पाणी ठरावीक तासांसाठी काही अंशांनी गार किंवा गरम करतात. प्रत्येक बदलाला खड्यात एक गडद रेघ पडते. रेघांचा क्रम प्रत्येक केंद्राचा वेगळा. वर्षांनंतर समुद्रात पकडलेला मासा कोणत्या केंद्रातून सोडला होता ते खडा घासला की कळतं. तिथे मूलद्रव्यं मोजायचीही गरज पडत नाही. आपल्या धरणांत दरवर्षी रोहू-कटल्याचं बीज सोडलं जातं. जाळ्यात आलेला मासा त्या बीजातला की नदीतच जन्मलेला, हे ठरवायला अशी खूण फार कामाची ठरेल. रोहूचं अंडं १४ ते २० तासांत फुटतं, त्यामुळे अंड्यात असताना रेघा पाडायला वेळ मिळणार नाही. खूण करायची तर पिलं थोडी मोठी झाल्यावर करावी लागेल, किंवा अ‍ॅलिझरिनचा रंग वापरावा लागेल.

जागा ओळखण्याच्या कामात तर खडा तापमानापेक्षा कितीतरी पटींनी भरवशाचा आहे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम स्ट्रॉन्शियम असतं, बहुतेक नद्यांत त्याहून फार कमी. म्हणून खाऱ्या पाण्यातून गोड्यात आलेल्या माशाच्या खड्यात स्ट्रॉन्शियमची रेघ धाडकन खाली येते. कात्सुमी त्सुकामोटो आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये याच पद्धतीने दाखवलं की ज्यांना आपण गोड्या पाण्यातले ईल म्हणतो त्यांतले काही आयुष्यात कधी नदीत आलेच नव्हते. बंगालच्या उपसागराकडच्या हिलसाचा प्रवासही स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांवरून तपासला गेला आहे. हे समस्थानिक तापमानाने हलत नाहीत, माशाचं शरीरही त्यांत फेरफार करत नाही. नदी ज्या खडकांवरून वाहते त्यांवर त्यांचं गुणोत्तर ठरतं.

खान्देशात याला मोठा वाव आहे. तापीचं खोरं बहुतांशी दख्खनच्या काळ्या खडकाचं आणि गाळाचं. सातपुड्याच्या पलीकडे नर्मदा विंध्याच्या जुन्या खडकांतून, भेडाघाटच्या संगमरवरातून येते आणि अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरांना वळसा घालून सरदार सरोवरात थांबते. दोन्ही नद्यांचा मासा नंदुरबारच्या बाजारात शेजारी शेजारी ठेवला, तर डोळ्यांना फरक कळणार नाही. खड्याने तो कळायला हवा.

सुरुवात करायला माझ्या मते सर्वांत योग्य जागा चांगदेव. तिथे तापीला पूर्णा मिळते, आणि खाली हतनूर धरण आहे. पूर्णा येते अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातून, जिथलं भूजल खारट आहे. तापी येते बैतूलच्या डोंगरांतून. दोन्ही पाणी संगमावर मिसळण्याआधी वेगवेगळं भरावं: मार्चमध्ये, मेअखेर, पहिल्या लोंढ्यानंतर आणि दिवाळीच्या सुमारास. प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी, पाणी गाळून भरावं. तापमान पहाटे आणि दुपारी घ्यावं, वरचं वेगळं, दोरीला तापमापक बांधून तळाचं वेगळं. त्याच दिवशी दोन्ही बाजूंचे आणि धरणातले मासे भोयांकडून विकत घेऊन प्रत्येकाची जात, लांबी, वजन, नर की मादी आणि पोटात अंडी आहेत का ते लिहावं. दोन्ही लॅपिलस काढून, धुऊन, कोरड्या कुपीत ठेवावेत. त्यातला एक मूलद्रव्यांसाठी, दुसरा ऑक्सिजनसाठी.

हे काम कॉलेजातली मुलं करू शकतील, त्याला लेसर लागत नाही. खडे कुपीत वर्षानुवर्षं तसेच टिकतात, यंत्राची सोय झाली की तेव्हा तपासता येतील. पाण्याची नोंद मात्र त्याच दिवशी व्हायला हवी. खड्यातल्या आकड्यातून माशाचा वाटा वेगळा काढायचा तर तीच लागणार आहे, आणि या मे महिन्यातलं तापीचं पाणी पुढच्या मे महिन्यात भरता येणार नाही.